ज्याचा भोपळा त्याने उचलायचा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना लहान मुलं आवडत नाहीत, असं सगळीकडे बोललं जातं. ते खरं नाही. त्यांना लहान मुलांबरोबर येणारी मोठी माणसं आवडत नाहीत. पण सीझन सुरू झाला की दर शनिवार-रविवारी नेमकी तीच गाड्या भरभरून त्यांच्या शेतावर येतात. मुलांना वेलीवरचं, झाडावरचं फळ आपल्या हाताने तोडता यावं म्हणून येतात. निदान फोनवर बुकिंग करताना तसं सांगतात.

आधी स्ट्रॉबेरी, मग सफरचंदं, शेवटी भोपळे. या सगळ्या हंगामांत माझेही शनिवार-रविवार शेतावरच जातात, कारण ‘धाकटीला काय, ती घरीच तर असते’ हे वाक्य आमच्या घरात कायद्यासारखं आहे. टोपल्या द्यायच्या आणि टोपल्या परत घ्यायच्या, एवढंच माझं काम. दिसायला सोपं. पण टोपली हातात घेता घेता माणसं काय काय विचारतात, ते ऐकायला तिथे उभं राहायला हवं.

एका बाईंनी विचारलं, “स्ट्रॉबेऱ्या धुतलेल्या असतात ना हो?”

जाऊबाई शेजारीच होत्या. “हो तर,” त्या म्हणाल्या. “पहाटे उठून एकेकीला आंघोळ घालतो.”

बाई समाधानाने आत गेल्या. मी जाऊबाईंकडे बघितलं तर त्या हसतही नव्हत्या. खरंच वैतागलेल्या होत्या.

जाऊबाई मुळात शेतातल्या नव्हेतच. उभा जन्म त्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होत्या. नटबोल्टांपासून हातमोज्यांपर्यंत सगळं जिथून मिळतं ती खोली, लोखंडी रॅक, तेलाचा वास, आणि जाळीच्या खिडकीमागे जाऊबाई. फाटका हातमोजा दाखवल्याशिवाय नवा नाही, मग समोर शिपाई असो की साहेब. एकदा म्हणे मोठे साहेब स्वतः टॉर्चचे सेल मागायला आले, तर जाऊबाईंनी आधी जुने सेल मागितले. साहेब गेले, जुने घेऊन आले, तेव्हा नवे मिळाले. ही गोष्ट जाऊबाई कधी सांगत नाहीत. भाऊजी सांगतात, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान आहे की गाऱ्हाणं, ते इतक्या वर्षांत मला कळलेलं नाही.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. शेत हे त्यांचं खूळ. माणूस इतका मऊ की वेलीवरून भोपळा कापतानाही हळूच कापतात, जणू तिला दुखेल. त्यांनी आधी जमीन घेतली, मग विचार केला. जाऊबाई रिटायर झाल्या त्या सरळ जाळीच्या खिडकीतून निघून शेताच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. मधे एक दिवससुद्धा बसल्या नाहीत.

तर भोपळ्यांचा पहिला सीझन. त्या वर्षी नियम नव्हता. लोक यायचे. बाप भोपळा निवडायचा, बाप कापायचा, बापच खांद्यावर टाकून फाटकापर्यंत आणायचा. मूल मागून नाक पुसत यायचं. मग भोपळ्याशेजारी मुलाला बसवून फोटो. असाच एक बाप घामाघूम होऊन आला, भोपळा खाली ठेवला आणि मुलाला म्हणाला, “काय मस्त आहे ना आपला भोपळा?”

मुलगा चिखलात काडी फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, “आपला कुठे? तुझा.”

झालं. त्या रात्री जाऊबाईंनी भाऊजींकडून ब्रश आणि लाल रंग मागून घेतला आणि पत्र्यावर स्वतःच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘ज्याचा भोपळा त्याने उचलायचा. फाटकापर्यंत.’ दुसऱ्या दिवशी पाटी लागली ती लागलीच.

नियम कागदावर ठेवून भागत नाही, तो चालवावा लागतो, हे स्टोअरवाल्या बाईला कुणी शिकवायला नको. त्यांनी परीक्षा ठरवली. भोपळा कापण्याआधी मुलाने तो वेलीवर असतानाच दोन्ही हातांनी उचलून धरायचा आणि स्वतःचं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. श्वास पुरला तर भाऊजी देठ कापणार. नाही पुरला तर पुढचा लहान भोपळा बघायचा. अगदी चिमुरड्यांसाठी पाण्याच्या पाटाच्या कडेने मुठीएवढ्या भोपळ्यांच्या वेली मुद्दाम लावल्या. म्हणजे बाई निर्दय नव्हत्या. पण हे सांगायचं कुणाला? पोरांनी त्यांचं नाव ‘नियमकाकू’ ठेवलं. पोरांना ते आवडायचंही. सगळ्यात मोठ्या भोपळ्याला मिठी मारायची, लालबुंद होऊन आपलं नाव ओरडायचं, अर्ध्यावर भोपळा सोडून खाली लोळायचं आणि हसायचं. रडायचे ते बाप.

आणि बाप तक्रारी लिहायचे.

इथे सूनबाई येते. जाऊबाईंची सून, म्हणजे माझी पुतणसून, चांगली हुशार पोरगी. बुकिंग तिच्याकडे, शाळांच्या सहली तिच्याकडे, आणि लोक फोनवर शेताबद्दल जे बरंवाईट लिहितात ते वाचून सगळ्यांना गोड उत्तरं देण्याचं कामही तिच्याकडे. ‘आपल्या सूचनेबद्दल मनापासून आभारी आहोत’ हे ती इतक्या वेळा लिहिते की एकदा घरात मी म्हटलं, चहात साखर कमी आहे, तर ती सवयीने म्हणाली, “सूचनेबद्दल आभारी आहोत, काकू.”

मागच्या सीझनला एका शाळेने ऐन वेळी सहल रद्द केली. कारण कुणीतरी लिहिलं होतं, ‘मुलांकडून ओझी उचलून घेतात.’ त्या सहलीसाठी सूनबाई कितीतरी दिवस फोन करत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मग तिने जाऊन हातगाड्या आणल्या. बागेच्या नर्सरीत कुंड्या ढकलायला असतात तशा, हिरव्या चाकांच्या. त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या आणि या सीझनच्या आधी जेवणाच्या टेबलावर विषय काढला.

“आई, मी भांडायला बसलेली नाही.”

“म्हणजे भांडायलाच बसली आहेस,” जाऊबाई म्हणाल्या.

“लोक सुट्टीला येतात हो. शिस्त लावून घ्यायला नाही येत. ती हौस शाळेतच फिटते.”

“मग भाजीवाल्याकडून भोपळा घ्यावा. तो घरपोच देतो.”

“बघा! हेच तुमचं.”

भाऊजी ताटाकडे बघून जेवत होते. असं जेवायला मोठा सराव लागतो.

जाऊबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “हे बघ. बुकिंग तुझं. गाड्या कुठे लावायच्या ते तुझ्या नवऱ्याचं. काय पेरायचं ते ह्यांचं. मला कुणी विचारत नाही आणि मी मधे पडत नाही. या एवढ्या शेतात ती एक पाटी माझी आहे.”

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. सूनबाईही तितक्याच साधेपणाने म्हणाली, “आणि अजून एखादी शाळा गेली, तर पाटी कुणासाठी लावायची, आई?”

  शेवटी जाऊबाईंनीच करार केला. या सीझनला पाटीवरून अजून एक जरी तक्रार आली, तरी पाटी काढायची आणि हातगाड्या बाहेर. “दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मीच काढेन,” त्या म्हणाल्या. सूनबाईने मान हलवली. मी साक्षीदार म्हणून बसले होते आणि मला वाटत होतं, आपण आज घरीच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

त्यानंतर जाऊबाईंनी काय केलं असेल? गोड बोलायचा प्रयत्न केला. तो बघवत नव्हता. ओठ ताणून “या, या” म्हणायच्या, तेव्हा माणसं एक पाऊल मागे सरकायची. बापाने भोपळ्याला हात लावला की पूर्वी त्या नुसत्या ओरडायच्या, आता “अहो, मुलीला एकदा करू द्या ना” असं म्हणायच्या आणि वळून माझ्याकडे बघायच्या, जसं काही मीच त्यांना औषध पाजलंय. पण सीझन सरत आला आणि तक्रार आली नाही. वेली पिवळ्या पडायला लागल्या. सूनबाईसुद्धा एकदा म्हणाली, “काकू, आई जिंकणार बहुतेक.” आणि ते म्हणताना ती फारशी नाराजही दिसली नाही.

मग तो रविवार आला.

आदल्या दिवशी पाटाला पाणी सोडलं होतं, त्यामुळे पाट काठोकाठ. भोपळ्यांचं रान आणि फाटक यांच्या मधोमध हा पाट जातो, आणि त्याच्यावर एक लाकडी फळी आहे. रुंद आहे, मजबूत आहे, पण एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. एरवी कुणाला काही वाटत नाही. फळीच्या पलीकडे रान, अलीकडे जाऊबाईंचं स्टूल, फाटक, आणि टोपल्या घेऊन मी.

एक मुलगी आली होती आईबरोबर. सहा-सात वर्षांची असेल. चष्मा, एक वेणी सुटलेली. येतानाच तिने पाटीपुढे उभं राहून एकेक अक्षर बोट फिरवत वाचलं होतं, आणि वाचून झाल्यावर जाऊबाईंना विचारलं होतं, “खरंच?”

“खरंच,” जाऊबाई म्हणाल्या होत्या.

“कुणी नाही उचलायचा दुसऱ्याने?”

“कुणी नाही.”

मुलीने मान डोलावली, दोन मोठी माणसं एखादा व्यवहार पक्का करतात तशी, आणि आत गेली.

आता गोची अशी की तिचं नाव अगदीच आखूड. नाव आखूड, वडिलांचं आखूड, आडनाव त्याहून आखूड. तिने एक प्रचंड भोपळा मिठीत घेतला, गुडघ्यांवर टेकवून वर उचलला आणि एका झटक्यात पूर्ण नाव सांगून मोकळी झाली. परीक्षेला भाऊजी. त्यांनी आयुष्यात कुणाला नापास केलेलं नाही. त्यांनी कौतुकाने देठ कापला. इतक्या वर्षांत आखूड नावाचा आणि मोठ्या भोपळ्याचा असा योग कधी आला नव्हता, आणि परीक्षेत ही फट आहे हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

मुलगी निघाली. थोडं चालायची, भोपळा खाली ठेवायची, त्याच्यावरच बसायची. पुन्हा उठायची. एकदा तिने भोपळा घरंगळवत आणायला सुरुवात केली, तर जाऊबाईंनी लांबून आवाज दिला, “ढकलायचा नाही बाळ, देठ मोडतो!” मुलीने लगेच मिठी मारून उचलला. आई पुढे येऊन फळी ओलांडून माझ्याजवळ उभी होती. हातात दोन पिशव्या, खांद्यावर पाण्याची बाटली, चेहऱ्यावर आठवडाभराचा थकवा.

मुलगी फळीवर आली, मधोमध पोचली आणि तिथे भोपळा ठेवून त्याच्यावर बसली.

मागे रांग लागली. पहिला एक गृहस्थ होता, पांढरेशुभ्र बूट, बरोबर दोन मुलगे, दोघांच्या हातात आपापले बेताचे भोपळे. त्यांच्यामागे आणखी एक कुटुंब, मग आणखी एक.

“बेटा, चला,” गृहस्थ म्हणाला.

“दम लागलाय,” मुलगी म्हणाली.

“मी घेतो, आण.”

मुलीने अशी किंकाळी फोडली की झाडावरचे पक्षी उडाले. गृहस्थाने हात मागे घेतला.

“अगं, घेऊ दे की काकांना!” इकडून आई ओरडली. “आपल्याला उशीर होतोय!”

“नियम आहे!”

“कसला नियम? फळीवर बसून राहायचा?” आई जाऊबाईंकडे वळली. “बाई, तुम्ही तरी सांगा. तुमच्या पाटीने केलंय हे सगळं. घरी दप्तर उचलत नाही ही मुलगी. दप्तर! मी नेते खाली रोज. आणि इथे हा... हा हंडा धरून बसलीय. कुठे लागलं-बिगलं तर मी तुमच्यावर लिहीन हां, सांगून ठेवते.”

लिहीन. तो शब्द पडला आणि मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या स्टुलावरून उठल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. एक पाऊल पुढे, मग थांबणं, पुन्हा पुढे. फळीच्या टोकाशी जाऊन त्या वाकल्या आणि शक्य तेवढ्या मऊ आवाजात म्हणाल्या, “बाळ, आजच्या दिवस चालेल. मी उचलते. तू नुसती शेजारून चाल.”

मुलीने चष्मा वर सरकवला. “पण पाटीवर लिहिलंय.”

“पाटी मीच लिहिलीय.”

“मग?”

“मग मी सांगते ना, आज नाही नियम.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखादा दुकानदार वजनात मारतोय असा संशय आल्यावर आपण बघतो, तसं. “तुम्ही म्हणालात खरंच आहे.”

जाऊबाईंचा हात पुढे आला होता तो तिथेच राहिला. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय चाललंय. हात लावला तर पोरीच्या नजरेत नियम खोटा. नाही लावला तर तिची आई तक्रार लिहिणार आणि पाटी जाणार. पाटी वाचवायला पाटीच मोडायची, असली वेळ स्टोअरच्या खिडकीत त्यांच्यावर कधी आली नव्हती. भाऊजी मागून रानातून हातवारे करत होते. त्यांचा अर्थ ‘उचल’ असा होता की ‘उचलू नकोस’ असा, हे बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

“दम खा,” जाऊबाई शेवटी म्हणाल्या. हात मागे घेतला. “दम खाऊन झाला की ये. कुणी हात लावणार नाही.”

“अहो काय!” रांगेतला गृहस्थ भडकला. “आम्ही काय रात्र काढायची इथे?”

“ती येतेय.”

“बसलीय ती! येतेय कुठे?”

“तुम्ही पण बसा जरा. मुलांचे हात दुखत असतील, भोपळे ठेवू द्या त्यांना खाली.”

मुलांनी लगेच ठेवले. खरं तर मुलांचं बरं चाललं होतं. एकाने फळीवरच्या मुलीला विचारलं, “काय नाव सांगून सुटलीस गं?” तिने सांगितलं. “बस्स, एवढंच?” तो म्हणाला, “माझं आजोबांच्या नावाने लांबलंय यार.” आणि तो स्वतःच्या छोट्या भोपळ्याकडे असा बघायला लागला, जणू आपली फसवणूक झालीय.

गृहस्थाला मात्र राहवेना. तो म्हणाला, मी पाटातून जातो. मी म्हटलं, “अहो, नका, काठ मऊ झालाय.” तोवर त्याने पाय टाकला होता. पांढरा बूट घोट्यापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तो पांढरा नव्हता. दुसरा पाय काढताना बूट आतच राहिला. त्याची दोन्ही मुलं इतकी हसली की एकजण भोपळ्यावरून पडला.  गृहस्थ एका हातात बूट घेऊन चिखलातून फाटकाशी आला आणि त्याने जाऊबाईंकडे एकदाच बघितलं.

मग मुलगी उठली. भोपळा पोटाशी धरला, जीभ दातांत, आणि खेकड्यासारखी आडवी आडवी सरकत फळीवरून उतरली. एवढंच अंतर, पण रांगेतले सगळे श्वास रोखून होते. फाटकाची रेघ ओलांडली, भोपळा धपकन खाली ठेवला. टाळ्या वाजल्या एक-दोन. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. आईला म्हणाली, “फाटक झालं. आता तू उचल.”

“मी?”

“फाटकापर्यंतच आहे नियम.”

आईने पिशव्या माझ्या हातात दिल्या, भोपळा उचलला आणि तिचे डोळे मोठे झाले. “जड आहे गं हा!” ती म्हणाली, आम्हाला नव्हे, मुलीला. गाडीपर्यंत जाताना दोनदा थांबली. मी पिशव्या घेऊन मागे होते. गाडीत भोपळा ठेवल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “उद्यापासून दप्तर तूच आणायचंस, कळलं?” मुलगी म्हणाली, “दप्तर माझं कुठे आहे, शाळेचं आहे.” दार धाडकन लागलं, गाडी गेली.

संध्याकाळी आम्ही सगळे टेबलाशी बसलो. सूनबाईचा फोन वाजला. तिने वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

“आलं?” जाऊबाईंनी विचारलं.

“त्या आईने नाही लिहिलं.”

“मग?”

“बूटवाल्याने लिहिलंय.”

“वाच.”

“जाऊ दे ना आई.”

“वाच म्हटलं ना.”

सूनबाईने वाचलं. ‘नियमाच्या नावाखाली एका लहान मुलीचा सर्वांसमोर छळ करण्यात आला. इतर कुटुंबांना ताटकळत ठेवण्यात आले. अशी पाटी लावणाऱ्यांनी मुलांच्या वाटेला जाऊ नये.’ बुटाबद्दल एक अक्षर नाही.

“छळ,” जाऊबाई म्हणाल्या. बस, एवढंच. मग खुर्ची मागे सारून उठल्या आणि शेडकडे निघाल्या.

“आई, कुठे निघालात?”

“पाना आणायला. पाटीचे बोल्ट गंजलेत.”

आणि मग जे झालं ते मी स्वतः बघितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं. जी सूनबाई वर्षभर पाटीच्या मागे लागली होती, तीच धावत दारात आडवी उभी राहिली. “अहो, हा माणूस मूर्ख आहे. त्याचा बूट अडकला म्हणून लिहिलंय त्याने. ही मी धरत नाही.”

“तक्रार आहे ना?”

“आहे, पण...”

“पाटीवरून आहे ना?”

“आई, मीच म्हणतेय ना, राहू दे!”

“तू म्हणून काय होतंय? ठरलं तेव्हा ‘मूर्खाची सोडून’ असं ठरलं होतं का?” आणि माझ्याकडे वळून, “ठरलं होतं का गं धाकटे? तू होतीस.”

काय सांगणार? “नाही,” मी म्हटलं. सूनबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून चहाचे कप गोळा करायला लागले.

इतका वैताग आला होता मला. दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि दोघी एकमेकींवर ओरडत होत्या. भाऊजी म्हणाले, “सकाळी काढ, आता अंधार आहे.” जाऊबाई म्हणाल्या, “तुम्ही बॅटरी धरा.” आणि भाऊजींनी धरली. मीही गेले. बोल्ट खरंच गंजले होते, निघता निघेनात. पाना घसरून जाऊबाईंचं बोट सोललं. मी म्हटलं, “ताई, द्या मी बघते,” तर त्यांनी दिला नाही. शेवटी पत्रा सुटला आणि पत्र्याचा होतो तसा खणखणाट झाला. पत्रा भिंतीशी टेकवून त्या माझ्याकडे वळल्या.

“छळ झाला का गं त्या पोरीचा?”

“मला नाही वाटत, ताई.”

“तुला विचारून काय उपयोग? तू कुणाला दुखवतच नाहीस.” आणि बोट तोंडात धरून घराकडे चालू लागल्या.

पुढच्या शनिवारी मला वाटलं होतं, त्या फाटकावर येणारच नाहीत. आल्या. सगळ्यांच्या आधी आल्या. हातगाड्या स्वतः ओढून बाहेर काढल्या, चाकांना तेल घातलं, एका ओळीत लावल्या आणि स्टुलावर बसल्या. पहिलं कुटुंब आलं तसं त्यांचं सुरू झालं.

“घ्या, घ्या, गाडी घ्या. मुलाला पण बसवा गाडीत. चालतो का तो? अरे वा, पाय आहेत का? मग कशाला आणलेत, घरी ठेवायचे.”

पुढच्या बापाला, “तुम्ही निवडा हो भोपळा. मुलगी काय, तिला काय कळतं. तिला फोन द्या, बसू दे.”

तिसऱ्याला काही म्हणण्याआधी मी त्यांच्यासमोर टोपली आपटली. “ताई!”

“काय? गाड्या देतेय ना मी?”

दुपारपर्यंत हातगाड्यांचा नुसता गोंधळ झाला. फळीवरून गाडी जाईना. बाप गाडीसकट भोपळे उचलून पाट ओलांडायला लागले. एकाने सांगितलं की दुसरी फळी टाका. दुसऱ्याने सांगितलं की पाट बुजवा. मुलं रिकाम्या गाड्यांची शर्यत लावून वेलींवरून फिरली. भाऊजी रानात डोक्याला हात लावून बसले. भोपळा उचलून नाव ओरडणारं एकही पोर त्या दिवशी नव्हतं, आणि माझ्या कानांना ते चमत्कारिक वाटत होतं, पण ते बोलायला वेळ कुणाला होता?

संध्याकाळी पुन्हा टेबल, पुन्हा फोन. सूनबाईने वाचलं आणि फोन जाऊबाईंच्या ताटाशेजारी ठेवला.

“आई, हे तुम्हीच वाचा.”

जाऊबाईंनी चष्मा लावला. ‘फाटकावरच्या वयस्क बाई येणाऱ्या पालकांना सतत टोमणे मारतात.’ त्यांनी ते अगदी सावकाश वाचलं, शेवटपर्यंत.

“खोटं आहे?” सूनबाईने विचारलं.

“नाही. बरोबर लिहिलंय.”

“मग आता?”

“आता काय? पाटीचं ठरलं होतं, पाटी काढली,” जाऊबाई म्हणाल्या आणि फोन परत सरकवला. “तोंडाचं काही ठरलं नव्हतं.”

सूनबाईने कपाळावर हात मारला. मग फोन उचलला, खुर्चीत मागे टेकली आणि दात-ओठ खात टाइप करायला लागली, ‘आपल्या सूचनेबद्दल मनापासून...’